नोंद कुणाच्या नावाची

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांचा इतिहास सांगायचा म्हटला की सांगणारा ठरलेल्या क्रमाने जातो. मालोजीराजांची इंदापूरची गढी, बारामतीतला बाबूजी नाईकांचा वाडा, त्याच गावात बसून आर्या रचणारे मोरोपंत, सुप्याचा १८७५ चा उठाव, नीरा डावा कालवा, वालचंदनगर, सहकारी साखर कारखाने आणि मग राजकारण. राजकारणापाशी गोष्ट आली की ती पुढे सरकतच नाही. ऐकणाऱ्यालाही तेच हवं असतं.

या यादीतल्या प्रत्येक ठिकाणी बाई आहे. कालव्याची माती तिने वाहिली, उसाची मोळी तिने उचलली, वाड्यावाड्यांतली नाती तिच्या लग्नाने जुळली. पण इतिहास लिहिणारा कागदावर चालतो आणि कागदाला नाव लागतं. म्हणून या प्रस्तावनेत मी एकच धागा धरला आहे. इथल्या बाईचं नाव कोणत्या कागदावर आलं, ते कुणी लिहिलं आणि कशासाठी? शोधायला लागलं की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. मानासाठी तिचं नाव क्वचित लिहिलं गेलं. मजुरी चुकती करायची होती, पाळत ठेवायची होती किंवा तिच्याकडून काही सोडवून घ्यायचं होतं, तेव्हा मात्र ते बापाच्या आणि नवऱ्याच्या नावासकट, वळणदार अक्षरात लिहिलं गेलं.

जुन्या काळापासून निघू. इंदापूर आणि सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीतले. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत पडले असं परंपरा सांगते. त्यांच्या पत्नी उमाबाई नीरेपलीकडच्या, फलटणच्या नाईक-निंबाळकरांच्या. नातसून सईबाईही त्याच घराण्यातली. नीरेच्या दोन काठांवरची ही सोयरीक पिढ्यान्‌पिढ्या चालली आणि आजही या तालुक्यांतल्या निम्म्या घरांना फलटण-माळशिरसच्या लेकी आहेत, असं म्हटलं तर फारसं कुणी भांडायला येणार नाही. सुप्याची गोष्टही नात्याचीच. सुपे संभाजी मोहित्यांकडे होतं आणि १६५६ मध्ये शिवाजीराजांनी त्यांना धरून ते ताब्यात घेतलं. ही मामा-भाच्याची गोष्ट खूप रंगवून सांगतात. पण मोहिते मामा झाले ते शहाजीराजांच्या दुसऱ्या पत्नी तुकाबाईंमुळे. त्या गोष्टीत तुकाबाई कंसातही येत नाहीत.

बारामतीत त्याहून बोलकं उदाहरण आहे. पेशवा बाळाजी विश्वनाथाला दोन मुली. अनुबाई इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे दिली, भिऊबाई बारामतीच्या आबाजी नाईक जोशांकडे. जोशी घराणं सावकारीतलं, खुद्द पेशव्यांना कर्ज देणारं. १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर आबाजींचे भाऊ बाबूजी नाईक यांनी पेशवेपदावर स्वतःचा हक्क सांगितला, नागपूरकर रघूजी भोसल्यांचा त्यांना पाठिंबा होता आणि थकलेल्या कर्जाचा तगादाही त्यांनी लावला. म्हणजे भिऊबाईचा दीर उभा राहिला तो तिच्या सख्ख्या भाच्याच्या, नानासाहेबाच्या वाटेत. त्या घरात त्या वर्षी जेवणाच्या पंक्ती कशा बसत असतील! तिच्या बहिणीने, अनुबाईने, पुढे इचलकरंजीचा कारभार हाती घेतला, म्हणून ती पत्रव्यवहारात आली आणि इतिहासातही. भिऊबाईच्या हाती कारभार आला नाही. ती वंशावळीतल्या एका रेघेत राहिली, दोन घराण्यांना जोडणारी.

सामान्य घरातल्या बाईला तर रेघही नाही. जुन्या दस्तांवर कुणब्याची निशाणी नांगर असे, बाईची कांकण. पण तिला निशाणी करायची वेळ येणार कधी? बहुधा नवरा गेल्यावर, मूल लहान असताना, वतनाचा किंवा जमिनीचा तंटा उभा राहिला म्हणजे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांची दुकानं फोडली आणि कर्जरोखे बाहेर काढून जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. तिथून पेटलेलं लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं, सरकारने आयोग नेमला आणि १८७९ मध्ये शेतकऱ्यांना सावकारी कर्जातून थोडी सवड देणारा कायदा आला. जळालेल्या रोख्यांवर नावं पुरुषांची. पण जमीन गहाण पडण्याआधी घरातलं काय गहाण पडतं हे कुठल्याही शेतकरी घरात विचारावं. आधी डोरलं जातं, मग पाटल्या, मग बैल. रोख्याआधीचं ते कर्ज कुठल्याच वहीत बाईच्या नावावर जमा नाही.

१८८५ साली मुंबई सरकारने पुणे जिल्ह्याचं गॅझेटिअर तीन भागांत छापलं. अभ्यासकाला ते आजही सोडवत नाही इतकं ते तपशीलवार आहे. कोणत्या जातीची बाई कसं लुगडं नेसते, पायात काय घालते, पाचवीला काय पुजतात, याची पानंच्या पानं. लिहिणाऱ्याने तिला अगदी जवळून पाहिलं होतं. नाव विचारायची गरज त्याला वाटली नव्हती.

तिला ओळीत उभं करून मोजायची पहिली मोठी वेळ आणली दुष्काळाने. १८७६-७७ चा दुष्काळ इंदापूर-भीमथडी या पट्ट्यात फार वाईट होता. सरकारने दुष्काळी कामं काढली, आणि नीरेच्या पाण्याची योजना, जी आधीपासून कागदावर होती, तिला या दुष्काळाने जोर आला. १८७७ च्या जानेवारीत दुष्काळाच्या पाहणीवर आलेले सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांच्या सांगण्यावरून मजुराला मिळणारं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं गेलं. अर्ध्या किलोपेक्षाही कमी. पुरुषाला ही गत, बाईला त्याहून थोडं कमी. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं सोडली, आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने लिहीत राहिली. पुढच्या दशकात भाटघरच्या धरणाचं पाणी नीरा डाव्या कालव्यातून या तालुक्यांत खेळू लागलं. बारामतीचा भाग्योदय तिथून सुरू झाला असं आपण म्हणतो ते बरोबर आहे. मात्र कालव्याच्या गोष्टीत इंजिनिअर असतो, गव्हर्नर असतो, कधीमधी धरणाला त्याचं नावही असतं. डोक्यावर चुंबळ ठेवून पाट्या वाहणारी बाई त्या गोष्टीत आकड्यातच आहे.

याच काळातला आणखी एक कागद आहे आणि तो वाचायला जड जातो. १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. विसाव्या शतकात या लोकांच्या ज्या वसाहती उभ्या राहिल्या त्यातली एक बारामतीत होती आणि ती ऑस्ट्रेलियातून आलेल्या चर्चेस ऑफ ख्राइस्ट या मिशनच्या हाती होती. वसाहतीत बायका-मुलंही ठेवली जात. शाळा होती, काम होतं, औषधपाणी होतं. आणि हजेरी होती. गावातल्या पाटलिणीचं नाव कुठल्याच सरकारी वहीत नसण्याच्या काळात या बायका मात्र वहीत होत्या. १९५२ साली कायदा रद्द झाला, वसाहती उठल्या. पुढच्या पिढ्यांना जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागला तेव्हा याच नोंदींसाठी धावाधाव करावी लागली, ही त्यातली क्रूर गंमत.

मानाने लिहिलेल्या नावाकडे आता येतो. काटेवाडीच्या शारदाबाई पवार. मूळच्या कोल्हापूरकडच्या गोलिवड्याच्या. शिकल्या पुण्यात, रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये उभ्या केलेल्या सेवासदनात. लग्नानंतर बारामतीच्या बागायती पट्ट्यात आल्या. नवरा सहकारी संस्थेत नोकरीला, म्हणून शेतीचा व्याप बाईंच्या अंगावर. अकरा मुलं. स्वातंत्र्याच्या आधीच त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. पुढे शेतकरी कामगार पक्षाच्या झाल्या, मुलगा काँग्रेसमध्ये गेला तरी आपल्या मताला चिकटून राहिल्या. डिसेंबर १९४० मध्ये शरद पवारांचा जन्म झाला आणि तीन दिवसांचं बाळ घेऊन त्या बोर्डाच्या बैठकीला गेल्या, ही आठवण पवारांनी अनेकदा सांगितली आहे.

ही आठवण सगळ्यांना पाठ आहे. पण ती कशी सांगितली जाते ते पाहा. तिचा नायक तीन दिवसांचं बाळ असतं. त्या दिवशी बोर्डापुढे कोणते विषय होते, शारदाबाई काय बोलल्या, कोणत्या बाजूने मत दिलं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. लोकल बोर्डाकडे तेव्हा शाळा होत्या, रस्ते होते, दवाखाने होते. त्या काळातली एक शिकलेली शेतकरी बाई ओली बाळंतीण असताना एसटीही नसलेल्या रस्त्याने पुण्याला का गेली, याचं उत्तर बाळात नाही, त्या विषयपत्रिकेत आहे. शारदानगरला आज त्यांच्या नावाचं महिला महाविद्यालय आहे आणि आसपासच्या गावांतल्या मुली तिथे शिकतात. नाव लागलं. काम मात्र अजून नीट लिहायचं राहिलं आहे, आणि या पुस्तकातलं त्यांच्यावरचं प्रकरण म्हणूनच आईपणापेक्षा लोकल बोर्डावर जास्त वेळ रेंगाळतं.

आता १९७२. या तालुक्यांत साठीच्या पुढच्या कुठल्याही बाईला ‘बहात्तर’ एवढंच म्हणावं, साल म्हणावं लागत नाही. अमेरिकेतून आलेला लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी, विहिरीच्या तळाला वाटीने भरलेलं पाणी. बारामतीत त्याच्या थोडं आधीपासूनच धान्याच्या मोबदल्यात पाझर तलाव खोदायची कामं निघाली होती आणि १९७१ मध्ये ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. दुष्काळ पडल्यावर राज्यभर कामं निघाली. १९७३ च्या मे महिन्यात जवळपास पन्नास लाख माणसं त्यांवर होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, आणि सगळ्यात जास्त खडी. खडी फोडणं हे बसून करायचं काम, म्हणून ते बायकांच्या वाट्याला. उन्हात गोणपाटाचा आडोसा, पोर झोळीत, आणि दिवसाला किती ब्रास झाली याचं माप घ्यायला येणारा मिस्तरी. माप टोळीचं व्हायचं, म्हणून टोळीत धट्टीकट्टी बाई घ्यायची की म्हातारी, यावरून जावाजावांत भांडणं लागत. वरच्या घरांतल्या ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर कामाला गेल्या नव्हत्या, त्या डोक्यावरून पदर ओढून शेजारच्या गावच्या कामावर जात. आपल्या गावच्या कामावर ओळखीचं कुणी पाहील म्हणून.

आणि मस्टर. हजेरीपटावर एकेक नाव, पुढे दिवस, पुढे रक्कम, पुढे अंगठा. माझ्या मते इथल्या सामान्य बाईचं नाव तिच्या स्वतःच्या कामापुढे आणि स्वतःच्या पैशापुढे इतक्या मोठ्या संख्येने पहिल्यांदा लिहिलं गेलं ते या मस्टरवर. त्यातली लबाडी मला ठाऊक आहे: खोटी नावं, मुकादमाची टक्केवारी, आणि पगाराच्या दिवशी अंगठ्यासाठी बायको, पैशासाठी नवरा. तरीही तो कागद महत्त्वाचा आहे. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि १९७९ च्या २६ जानेवारीला अमलात आला. पुढे देशभर जी रोजगार हमी गेली तिचं मूळ इथल्या खडीत आहे. या तालुक्यांतले कितीतरी पाझर तलाव अजून भरतात. त्यांच्या बांधावर कोनशिला असलीच तर ती उद्घाटन करणाऱ्याची.

उजनीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. १९८० मध्ये धरण पुरं झालं आणि भीमेचं पाणी इंदापूर तालुक्याच्या उत्तर कडेने पसरलं. जुनं पळसदेव पाण्यात गेलं; उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. मोबदला खातेदाराला मिळाला. परसातली शेळी, दाराशी असलेली विहीर, शेजारणीकडून उसनं आणायची सोय, यांना खातं नव्हतं. पाणी उशाला आणि बाई हंडा घेऊन लांब, अशी विस्थापितांच्या नव्या गावठाणांची पहिली वर्षं गेली. भिगवण-कुंभारगावच्या काठावर आता रोहित पक्षी पाहायला गाड्या येतात आणि मासे रांधून जेवू घालणाऱ्या घरांतल्या बायकांच्या हाती थोडा रोख पैसा आला आहे.

सगळ्या कागदांत मला सर्वांत आवडतो तो ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवायला घेतल्या, आणि एक लाखाहून जास्त ओव्यांचा तो साठा झाला. पुणे जिल्ह्यातल्या गावांचा त्यात मोठा वाटा आहे आणि इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीच्या बायकाही त्यात आहेत. निमगाव केतकी हे तुकोबांच्या पालखीच्या वाटेवरचं गाव. बारामती, काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, सणसर, बेलवाडीचं रिंगण, लासुर्णे, मग निमगाव, मग इंदापूर. वारीला जाणं नवऱ्याच्या आणि सासूच्या मर्जीवर, पण पालखी दारावरून जाते म्हटल्यावर ओवीत विठ्ठल यायचा राहत नाही. संग्राहकांनी एक चांगलं काम केलं. ओवीबरोबर गाणारणीचं नाव, गाव, तालुका लिहून ठेवला. लोकगीत ‘अज्ञात’ असतं ही आपली सोयीची समजूत त्याने मोडली. पहाटे चारला जातं ओढणारी बाई अज्ञात नव्हती, तिला कुणी विचारलं नव्हतं.

आणि सर्वांत कमी आवडतो तो कागद म्हणजे हक्कसोडपत्र. त्याबद्दल जरा सविस्तर बोललं पाहिजे. कालव्याखालची जमीन म्हणजे सोनं. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्रात मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क मिळाला. केंद्राने हे २००५ मध्ये केलं, म्हणजे आपण अकरा वर्षं पुढे. बाप वारला की तलाठी वारसनोंद घेतो, त्यात मुलींची नावं येतात. त्याआधीच्या पिढीत ती सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकून द्यायची रीत होती. मग काही महिन्यांत बहिणींना निरोप जातो. सही करायला या. नोंदणी कार्यालयाबाहेर भाऊ, भावजय, दोन साक्षीदार. बहिणीचं पूर्ण नाव, वय, धंदा ‘घरकाम’, सासरचा पत्ता, माहेरचं नाव, फोटो, अंगठ्याचा ठसा. तिच्या आयुष्यात तिची इतकी काटेकोर नोंद दुसऱ्या कुठल्या कागदावर झालेली नसते. मजकूर एवढाच, की माझा यात काही हक्क राहिला नाही. मग साडी, जेवण, आणि दरवर्षी दिवाळीला माहेरी यायची सोय शाबूत. भाऊ वाईट असतो असं मी म्हणत नाही. सही न केल्यास माहेर तुटतं हे बहिणीला कुणी सांगावं लागत नाही, एवढंच. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने बायकोचं नाव उताऱ्यावर लावायला लावलं; ते काम इथे बहिणीच्या बाबतीत कुठल्याच पक्षाने हाती घेतलं नाही. आणि या दोन तालुक्यांत पक्षांची काही टंचाई नाही.

साखर कारखान्याचा सभासद व्हायचं तर नावावर ऊस लागतो आणि उसाला जमीन. म्हणून एका सहीने बाईची जमीन जाते, तिच्याबरोबर शेअर जातो, वार्षिक सभेतली खुर्ची जाते, सवलतीची साखरही जाते. दुधाचं थोडंफार असंच. गोठा झाडणं, धारा काढणं, वैरण-काडी तिची. डेअरीच्या कार्डावर नाव बहुधा घरधन्याचं. संचालक मंडळात बायकांना दोन जागा राखीव झाल्या, पंचायतीत आधी ३३ आणि २०११ पासून ५० टक्के. सरपंचपती या प्राण्यावर विनोद खूप झाले. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडून आलेल्या बाईपुढे तो प्राणी मागच्या बाकावर जातो, हेही गावोगाव दिसतं. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये कामाला जाणाऱ्या हजारो मुली-बायकांच्या हातात पगाराची पावती येते, पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचत गटाच्या बायका स्वतःच्या नावाच्या पाटीखाली शेंगोळ्या आणि मासवड्या विकतात. २०२४ च्या लोकसभेला तर नणंद-भावजय समोरासमोर उभ्या होत्या. त्याबद्दल इतकं छापून आलं आहे की इथे शब्द खर्च करत नाही.

एका प्रकरणाबद्दल आक्षेप येणार हे मला माहीत आहे. ऊसतोडणीच्या बायका बीडच्या, नगरच्या. त्या आपल्या तालुक्यांच्या इतिहासात कशाला? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, या कारखान्यांचे गळीत हंगाम अनेक दशकं त्यांच्या हातांवर चालले आहेत. दिवाळीच्या सुमाराला येतात, उन्हाळ्यात जातात. आयुष्याचा निम्मा काळ आमच्या बांधावरच्या कोपीत. हिशेब कोयत्याचा असतो आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. उचल मुकादम देतो, घेतो नवरा, फेडतात दोघं. आणि एक जण आजारी पडला तर अर्ध्या कोयत्याला काम नसतं. डोकी सेंटरवर बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढते. रात्री दोनला गाडी आली तर रात्री दोनला. सकाळी वाढ्याच्या पेंढ्या गोठेवाल्याला विकून जे दहा-वीस रुपये मिळतात तेवढेच तिच्या कनवटीला. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बायकांचा प्रश्न २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आला, तेव्हा आपल्याकडे लोक हळहळले आणि म्हणाले, बीडचा प्रश्न आहे.

पोरं मात्र इथल्या कोपीत जन्मली, इथल्या सरकारी दवाखान्यात त्यांना लस टोचली गेली. गोळा केलेल्या सगळ्या कागदांत या बायकांचा कागद सर्वांत कमी आहे. कारखान्याकडे मुकादमाचं नाव असतं, मुकादमाकडे नवऱ्याचं. संपादकांनी हे प्रकरण परिशिष्टात टाकलं होतं. मी ते पहिलं घ्यायला सांगितलं.